आत्याच्या सुया आणि शिट्टीबाईंचा चेहरा

माझ्या आत्याने बावीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढली. तिच्या हातचं इंजेक्शन घेतलेलं पोर सुई टोचली म्हणून रडत नसे, ती पुढच्या खाटेकडे निघाली की रडायला लागे, असं तिच्या बरोबरीच्या नर्स सांगायच्या. यात थोडा मीठमसाला असेल, पण हात हलका होता हे खरं.

मग मुलं उचलून, खाटा सरकवून तिची कंबर गेली. औषधं झाली, शेक झाले, पट्टे झाले. शेवटी कोणीतरी तिला एका वयस्कर अ‍ॅक्युपंक्चरवाल्या डॉक्टरांकडे पाठवलं. सहा आठवड्यांत कंबर बरीच सावरली, पण आत्याचं तिथे जाणं काही थांबलं नाही. आधी पेशंट म्हणून जायची, मग मदतीला जायला लागली, आणि पुढे रीतसर कोर्सला नाव घालून त्या डॉक्टरांच्या हाताखाली तीन वर्षं शिकली. एक दिवस तिचं काम बघून ते म्हणाले, "तुझा हात चेहऱ्याचा आहे. पाठीवर उगाच वाया जातोय."

चेहऱ्याच्या सुया केसाहून बारीक असतात. आत्याने पहिला सराव आरशासमोर बसून स्वतःच्या चेहऱ्यावर केला. ते जमल्यावर तिने माझ्या बाबांना पकडलं. बाबा तिचे धाकटे भाऊ, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. चौदा सुया लावून घेऊन बाबा आरामखुर्चीत झोपी गेले आणि घोरायला लागले. प्रत्येक घोरण्याबरोबर भुवयांमधली सुई डोलत होती. तेवढ्यात विजेचं मीटर बघायला माणूस आला. मी दार उघडलं, त्याने आत नजर टाकली आणि "नंतर येतो" म्हणून तो जो गेला तो त्या महिन्यात फिरकलाच नाही.

पन्नाशी ओलांडल्यावर आत्याने दोन खोल्या घेतल्या. पहिल्या मजल्यावर, खाली ब्यूटी पार्लर. बाहेरच्या खोलीत एक बाक, पाण्याचा माठ आणि पाय बुडवायला एक पसरट टब. आतल्या खोलीत उंच खाट, पांढरी चादर, एक भिंग आणि खिडकीला लावलेला जाड पडदा. उन्हाळ्यात तिच्याकडे गर्दी व्हायची, कारण उन्हाळ्यातच बायकांना आपला चेहरा आरशात जरा जास्त दिसायला लागतो. पण उन्हातून आलेल्या कोणालाही ती लगेच खाटेवर घेत नसे. "तापलेल्या तव्याला मी हात लावत नाही," असं म्हणून आधी वीस मिनिटं बाकावर बसवायची, पाणी प्यायला लावायची, झोप कशी होते, डोक्यावर टोपी असते का, एवढं सगळं विचारायची. वाळलेले ओठ आणि लाल डोळे घेऊन आलेल्या कितीतरी जणींना तिने सुई न लावता नुसती ताणून झोप काढायला घरी पाठवलं.

लोक तिला सुईताई म्हणायचे. खालच्या पार्लरवालीला ही शेजारीण फार आवडायची, फक्त तिला धंदा कळत नाही असं तिचं ठाम मत होतं. एकदा पार्लरवालीने जिन्याच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला. 'सुयांनी सुरकुत्या गायब! पूर्णपणे नैसर्गिक!' आत्याने खाली उतरून 'गायब' खोडलं आणि वर लिहिलं, 'थोड्या नरम, तेही जमलं तर.'

"ताई, अशी जाहिरात असते का कुठे?" पार्लरवालीने कपाळावर हात मारला.

"खरी असली तर अशीच असते," आत्या म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

मी एकदा तिला सरळच विचारलं होतं, की याने खरंच काही होतं का गं? ती म्हणाली, "आवळलेले स्नायू सैल होतात, गालांवर जरा रक्त खेळतं, माणूस वीस मिनिटं गप्प पडून राहतो. यातलं नेमकं कशाने बरं वाटतं ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण उन्हाने वीस वर्षं जे केलंय ते सुई महिन्याभरात पुसत नाही, एवढं मात्र नक्की."

पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात तिच्याकडे शिट्टीबाई आल्या. आमच्या भागातल्या उघड्या तलावावर त्या सत्तावीस वर्षं पोहायला शिकवत होत्या. मीही त्यांच्याकडेच शिकले. गळ्यात सतत शिट्टी, म्हणून मुलांनी ठेवलेलं हे नाव. वरून ऊन आणि खाली पाण्यावरून उसळलेलं ऊन, दोन्ही झेलून त्यांचा चेहरा पार रापला होता. सतत किलकिल्या ठेवलेल्या डोळ्यांच्या कडेला इतक्या बारीक घड्या पडल्या होत्या, की त्या हसायच्या थांबल्या म्हणजे घड्यांच्या तळाशी राहिलेल्या गोऱ्या रेघा दिसायच्या. वय बावन्न, पण कोणीही पासष्ट म्हणालं असतं.

तेच झालं होतं. सुट्टीच्या बॅचसाठी नाव घालायला आलेल्या एका बाईंनी त्यांच्यादेखत विचारलं होतं, "या आजी शिकवणार का?" तलावाच्या मॅनेजरने हसून वेळ मारून नेली, आणि दोन दिवसांनी हळूच सुचवलं की तुम्ही आता ऑफिसात बसून नावं लिहून घ्यायचं काम का बघत नाही?

"मी अजून एका दमात तलावाची लांबी पार करते," शिट्टीबाई बाकावर बसून सांगत होत्या. आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, हात मात्र सारखे पदराशी चाळा करत होते. "पण लोक आधी तोंड बघतात. ताई, तोंडाचं काहीतरी करा."

आत्याने त्यांना भिंगाखाली घेतलं. "रेघा जाणार नाहीत," ती म्हणाली. "पण तुमचा जबडा बघा. शिट्टी दातांत धरून धरून लाकूड झालाय. कपाळही तसंच. ते सैल करता येईल. आणि हे कानशिलावर काय झालंय?"

"टोपीचा पट्टा घासतो तिथे. सालटं निघतं."

"पट्टा सैल करा. त्या जागेच्या जवळपास मी सुई लावणार नाही."

पहिल्या दोन वेळा छान गेल्या. शिट्टीबाई खाटेवर पडल्या पडल्या गाढ झोपायच्या. दुसऱ्या खेपेला उठून म्हणाल्या, "कित्येक वर्षांत तोंड इतकं हलकं वाटलं नव्हतं." तिसऱ्या आठवड्यात त्या आल्या तेव्हा कानशिलावरची खपली निघाली होती आणि रक्ताचा ठिपका दिसत होता. आत्याने भिंग जवळ नेलं. मसुराएवढा फुगीर डाग, कडा मोत्यासारख्या चमकणाऱ्या, मध्ये खड्डा.

"हे बरं होऊन पुन्हा निघालं का?"

"तीन-चारदा. पट्टा तर कधीच सैल केला."

"किती दिवसांपासून आहे?"

"गेल्या थंडीपासून असेल."

आत्याने सुयांचं पाकीट परत डब्यात ठेवलं. "आज सुई नाही. आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. कदाचित काहीच नसेल, पण दाखवायचंच."

शिट्टीबाई ताडकन उठल्या. "म्हणजे तुमच्याही हाताबाहेरची झाले मी?"

"तसं नाही म्हणत मी."

"मॅनेजर पण असंच गोड बोलला होता." चपला पायात सरकवून त्या जिना उतरल्या सुद्धा.

त्यानंतर त्या आल्या नाहीत, डॉक्टरांकडेही गेल्या नाहीत. पार्लरवाली म्हणाली, "जाऊ द्या ना ताई, तुम्ही सांगायचं ते सांगितलंत." आत्याच्या मनातून मात्र ते जाईना. तिला आपण पहिल्याच दिवशी का नाही पाठवलं याचा राग येत होता. "पट्टा घासतो म्हणाली आणि मी मान डोलावली," ती दर जेवणाला म्हणायची, "बावीस वर्षं वॉर्डात काय नुसत्या चादरी बदलल्या मी?" चौथ्या दिवशी सकाळी दहाला तिने छत्री घेतली आणि मला म्हणाली, "चल, तलावावर."

तिथे बॅच चालू होती. वीस-बावीस मुलं कठड्याला धरून पाय मारत होती आणि पाण्यात उभ्या असलेल्या शिट्टीबाई त्यांच्यावर ओरडत होत्या. आत्याला बघून त्यांनी तोंड फिरवलं. "बॅच आहे," एवढंच म्हणाल्या.

"चालू दे," आत्या म्हणाली आणि काठाच्या पायऱ्यांवर छत्री उघडून बसली. पन्नास मिनिटं बसली. फरशी इतकी तापली होती की मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. मुलं उडवत होती ते पाणी तिच्या साडीवर येत होतं. ती हलली नाही.

शेवटची शिट्टी झाली. मुलं गेली. शिट्टीबाई अंग पुसत वर आल्या. "ताई, एवढ्या उन्हात कशाला आलात?"

"लहान मुलांच्या वॉर्डात होते मी. 'उद्या बघू' म्हणणारे आईबाप खूप पाहिलेत. डॉक्टर साडेअकरापर्यंत बसतात. कपडे बदला."

"आणि काहीच निघालं नाही तर?"

"तर मला परत इथे आणून पाण्यात ढकला. मला पोहता येत नाही."

शिट्टीबाईंना हसू आवरेना. हसता हसताच त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या कपडे बदलायला गेल्या.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासणीला पाठवला. आठवड्याने कळलं, तो त्वचेचा कॅन्सर होता. हळू वाढणारा, बहुतेक वेळा जागेवरच राहणारा प्रकार, आणि अजून लहान होता. पूर्ण काढता येणार होता. पुढच्याच आठवड्यात काढला. पाच टाके पडले. तुम्हाला कोणी पाठवलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा शिट्टीबाईंनी आत्याकडे बोट केलं. डॉक्टर चष्म्यावरून आत्याकडे बघत राहिले. "सुया लावता? तुमच्यासारख्यांकडे वर्ष घालवून मग लोक माझ्याकडे येतात. उलटी पाठवणी आज पहिल्यांदाच बघतोय."

"पहिल्याच दिवशी पाठवायला हवं होतं," आत्या म्हणाली. "दोन आठवडे मी घालवले."

जखम भरेपर्यंत शिट्टीबाई ऑफिसात बसून नावं लिहीत राहिल्या. ते दिवस त्यांना फार जड गेले. खिडकीतून तलाव दिसायचा आणि नवा शिकवणारा मुलांच्या कोपरांकडे बघतच नाही म्हणून त्या आतल्या आत धुमसायच्या. अडीच महिन्यांनी डॉक्टरांनी लिहून दिलं की आता हरकत नाही, तेव्हा आत्याने पुन्हा सुया सुरू केल्या, व्रणापासून चार बोटं लांब. आठ वेळा बोलावलं. शेवटच्या दिवशी आरसा हातात दिला. शिट्टीबाईंनी बराच वेळ बघितलं.

"रेघा आहेत तिथेच आहेत."

"हो."

"पण बरी दिसतेय मी."

"ते मी मघापासून बघतेय," आत्या म्हणाली.

आणि खरंच बऱ्या दिसत होत्या. कपाळावरची आठी नरम पडली होती, जबड्याची गाठ सुटली होती. सुयांचं श्रेय किती, झोपेचं किती आणि जीव भांड्यात पडल्याचं किती, हा हिशेब कोणी केला नाही. शिट्टीबाई तिथून थेट मॅनेजरच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, मी उद्यापासून पाण्यात उतरणार आणि उथळ बाजूवर मला कापडाचं छत हवंय. मॅनेजर कुरकुरला. पण जुन्या विद्यार्थ्यांचे फोन यायला लागले, तेव्हा पंधरा दिवसांत छत लागलं.

आता त्या लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घालतात. दर बॅचच्या पहिल्या दिवशी पालकांना समोर उभं करून कानशिलावरचा व्रण दाखवतात. "सत्तावीस वर्षं मी ऊन अंगावर मिरवलं. टोपी होती ती केस सांभाळायला. काठ असलेली टोपी नाही, तर पोराला पाण्यात घेणार नाही." कोणी वाद घालत नाही. छत लागल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांच्या बॅचला नाव घालायला पालकांची रांग लागली होती. आत्याही तेव्हा दोन महिने पहाटे उथळ बाजूला पोहायला शिकायला जात होती. तिला अजून दहा हातांपलीकडे पोहता येत नाही, आणि शिट्टीबाई याबद्दल तिला जराही सवलत देत नाहीत.

आत्या आता सदुसष्ट वर्षांची आहे. दोन तरुण नर्स तिच्याकडे शिकायला येतात. पहिला महिनाभर ती त्यांच्या हातात सुईच देत नाही. खाटेशेजारी स्टुलावर बसायचं, येणारीचा चेहरा बघायचा आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं. परवा मी गेले तेव्हा खाटेवर एक बाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि शिकणाऱ्यांपैकी एक मुलगी आपली वही वाचून दाखवत होती. डावी भुवई किंचित वर, उजव्या गालावर वांग, ओठ कोरडे.

"आणि या काल रडल्यात, ते कुठे लिहिलंस?" आत्याने विचारलं.

मुलीने चमकून खाटेवरच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे न उघडताच मान डोलावली. मुलीने पेनाचं टोपण काढलं आणि ते लिहून घेतलं. आत्याने पडदा ओढला, बाईंच्या कपाळावर नुसता हात ठेवला आणि म्हणाली, "सांगा बाई, काय झालं?"