मामांचा डूख

आत्माराममामा एकदा डूख धरला की तो लोणच्यासारखा मुरवत. शेजारच्या जनार्दनने मुलाच्या हळदीला घरी येऊन बोलावलं नाही, मोबाइलवर पत्रिका पाठवली, तेव्हापासून नऊ वर्षं मामा त्याच्याशी बोलले नाहीत. "आमंत्रन पायांनी येतं," ते म्हणत, "बोटांनी नाय." जनार्दनच्या दारात मांडव पडला की मामा मुद्दाम समोरच्या ओट्यावर बनियनवर बसून बांगडा खात. अख्ख्या बोनकोडे गावाला हा माणूस नकोसा होता. मी त्यांची भाची, मला त्यांच्याइतकं दुसरं कोणी आवडत नसे. डूख धरायला मी त्यांच्याकडूनच शिकले.

सत्तरीनंतर त्यांना पार्किन्सन झाला. हात थरथरू लागला, पावलं आखूड झाली, आवाज बसला, चेहरा हलेना. मग जनार्दनने नातीच्या बारशाचं आमंत्रणही मोबाइलवरच पाठवलं. मामा नुसतं म्हणाले, "जाव दे." त्यांचा मुलगा नितीन खूश होऊन सगळ्यांना सांगत सुटला की बाबा निवळले. मला मात्र हे मामा ओळखीचे वाटेनात.

वाशीच्या दवाखान्यात सिस्टरने पंधरा प्रश्नांचा कागद काढला. या आजारात पुष्कळांना नैराश्य येतं, म्हणून तिथे सगळ्यांनाच विचारतात. मामांना एक शब्द जुळवायला वेळ लागायचा आणि नितीनला तेवढा धीर नव्हता.

"आयुष्य रिकामं वाटतं का?"

"छे, नातवंडं आहेत ना."

"मन आनंदी असतं का?"

"एकदम. हल्ली कोणाशी भांडणसुद्धा नाही, काय टेन्शन नाही."

पंधराच्या पंधरा उत्तरं त्याने दिली. बापाच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. कागदावर मामा सुखी ठरले आणि मी शेजारी गप्प बसून राहिले. त्यासाठी मी स्वतःलाही माफ केलेलं नाही.

पुढचे चार महिने मामा भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जेवण तुटलं. पुढच्या खेपेला मी नितीनला गाडी लावायला पाठवलं, दार लोटलं आणि सिस्टरला म्हटलं, आता विचारा. पहिल्याच प्रश्नाला मामांनी बराच वेळ घेतला. आम्ही थांबलो.

"मना रागच येत नाय ग," ते म्हणाले. "राग नाय तं मी कशाला जगू?"

डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, समुपदेशकाकडे पाठवलं. अडीच महिन्यांनी मामा पुन्हा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "नित्यानं माज्या तोंडचा जवाब काढून घेतला. मी इसरनार नाय." मला आनंदाने रडू आलं. त्यानंतर दीड वर्ष ते मुलाशी बोलले नाहीत. नितीन त्यांना आंघोळ घालायचा, भरवायचा, तरी ते मान फिरवायचे. तो मला विनवायचा, "ताई, तू सांग ना त्यांना." मी एकदाही सांगितलं नाही.

मागच्या वर्षी छातीत कफ होऊन मामा गेले. शेवटच्या दुपारी त्यांच्याजवळ मी एकटी होते. एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "नित्याला सांग, झालं ते झालं. पोर चांगला हाय."

नितीन अजून विचारतो, बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणते, नाही.