ओटी भरलेली झूल

चार दिवसांची झड त्या दिवशी पहाटे थांबली. आभाळ अजून मळकंच होतं, पण उगवतीला पिवळी चीर पडली होती, आणि वाशीमकडच्या रिठदच्या शिवारात ज्याला त्याला आपापलं तुंबलेलं काम आठवलं. कस्तुराबाईला दोन कामं आठवली. एक मळ्यातली भेंडी. ती चार दिवस तोडली नाही तर जरड होते आणि मग बाजारात कोणी हातही लावत नाही. दुसरं काम पेटीतल्या झुलींचं. दमटीनं मखमलीला वास धरतो. तिनं आधी झुली आंगणातल्या दोरीवर टाकल्या, लाल, हिरवी, जांभळी, आणि मग घमेलं घेऊन भेंडीत शिरली. दोरीवरचे रंग पाहून रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, या घरी लग्न आहे.

पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकायची झूल शिवणं हा कस्तुराबाईचा धंदा नव्हता, ती खोड होती. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला नवऱ्याच्या, जगदेवच्या, बैलांना घालायला धड कापड नव्हतं. हिनं कोणाला न विचारता लग्नातला शालू उसवला आणि दोन झुली शिवल्या. सासू आठ दिवस बोलली नाही. पण तोरणाखाली बैल उभे राहिले, कवड्या वाजल्या, आरशांवर ऊन नाचलं आणि अख्खं गाव मान वळवून पाहायला लागलं, तेव्हा तीच सासू बायाबायांत सांगत सुटली की हे आमच्या सुनेच्या हातचं आहे. तेव्हापासून पंचक्रोशीतले लोक झुली शिवून नेऊ लागले.

मग ट्रॅक्टर आले. गावातल्या बैलजोड्या बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्या आणि कस्तुराबाईची सुई गंजायला लागली. ती चालू केली सुनेनं. मानोऱ्याची योगिनी घरात आली तशी तिनं पेटीतल्या झुलींचे फोटो काढले आणि मोबाईलवर एका ऑनलाइन दुकानात टाकून दिले. दूरदूरच्या हौशी लोकांचे फोन येऊ लागले. एक मोठी झूल शिवायला चार महिने लागत, आणि ती चांगल्या मोबाईलच्या किमतीला जाई. जगदेवला हे बरेच दिवस खरं वाटलं नाही.

सासूसुनेचं भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. झूल घराबाहेर जाताना कस्तुराबाई तिची ओटी भरायची. खोक्यात झुलीच्या घडीवर मूठभर ज्वारी, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. वरून खोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक आणि हळदीची पाच बोटं. चार महिने मांडीवर खेळवलेली लेक रिकामी कशी पाठवायची, हे तिचं म्हणणं. योगिनीचं म्हणणं असं की खोकं लग्नाला नाही, टपालात चाललंय, आणि हळदीनं पिनकोड पिवळा होतो.

त्या सकाळी कस्तुराबाई भेंडीचं घमेलं घेऊन आंगणात आली तर योगिनी मोबाईल हातात धरून ओट्यावर बसलेली. चेहरा उतरलेला. मोरपंखी झूल, जी तेरा दिवसांपूर्वी शेवगावकडच्या दौलतरावांना पाठवली होती, ती त्यांना मिळालीच नाही अशी त्यांनी दुकानाच्या कंपनीकडे तक्रार केली होती. कंपनीनं कळवलं होतं, शुक्रवार संध्याकाळपर्यंत माल पोचल्याचा पुरावा द्या. नाही दिला तर पैसे परत जातील आणि तुमचं दुकान बंद होईल. त्या दिवशी बुधवार होता. पोळा पुढच्या मंगळवारी.

कस्तुराबाईनं घमेलं खाली ठेवलं. मोरपंखी झूल म्हणजे तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर झूल. मोराचे डोळे भरताना तिच्या स्वतःच्या डोळ्यांना चष्मा लागला होता.

"माया हळदीनं पत्ता मिटला काय वं?" तिनं हळूच विचारलं.

योगिनी मोबाईलच चाळत राहिली. तेच कस्तुराबाईला लागलं. सून भांडली असती तर बरं होतं.

पण योगिनी हात टेकणारी नव्हती. पाठवताना तिनं खोकं पोस्टातल्या काट्यावर ठेवून फोटो काढला होता, साडेचार किलो. पावती जपून ठेवली होती. तिनं मोबाईलवर पावतीचा नंबर घातला तर माल पोचल्याची तारीख निघाली. अकरा दिवस झाले होते. म्हणजे हळदीनं पत्ता मिटला नव्हता. कस्तुराबाईचा जीव एवढ्यानंच भांड्यात पडला. पण मग झूल गेली कुठं? दोघी गावातल्या पोस्टात गेल्या. तिथल्या दिनेशनं वरच्या ऑफिसात फोन लावून माहिती काढून दिली. घेणाऱ्याच्या नावापुढं लिहिलं होतं, सोजरबाई, नातं आई. आणि सहीच्या जागी मोबाईलच्या काचेवर बोटानं ओढलेली एक वाकडी रेघ.

योगिनीच्या तोंडावर तेज आलं. पुरावा सापडला होता. घरी येईपर्यंत तिनं कंपनीला काय लिहायचं ते मनात जुळवलंही. माल गिऱ्हाइकाच्याच आईनं घेतला, ही तारीख, ही सही, हे वजन. खोटं बोलणाऱ्याची चांगली जिरणार.

ती लिहायला बसली तशी कस्तुराबाईनं मोबाईलवर हात ठेवला.

"थांब. हे धाडलं तर काय होईन?"

"दुकान वाचंल. पैसे वाचतील."

"अन् थ्या म्हातारीले तिचा पोरगा इचारीन, का माय, तुनं चोरली का झूल. मायापेक्षा मोठी असंल थे. आपुन आंधी फोन करू. शुक्रवार काई पळून नाई चालला."

योगिनीला हा वेळ घालवणं वाटलं. पण सासूनं कधी नव्हे ते मोबाईल मागितला होता. आणि वेळही कस्तुराबाईनंच ठरवली, भर दुपारची. दुपारी गडीमाणसं शेतात असतात, फोन घरातली बाई उचलते, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. दौलतरावांनी पार्सलसाठी घरचा म्हणून दिलेला दुसरा नंबर योगिनीनं लावला.

फोन सोजरबाईनंच उचलला. कस्तुराबाईनं झुलीचं नावच काढलं नाही. मी वाशीमकडून बोलतो, असं तिनं सांगितलं, इकडच्या बाया स्वतःलाही 'बोलतो'च म्हणतात, आणि मग पाऊस कसा, बाजरी कशी, गुडघे कसे, असं सगळं विचारून झालं. योगिनी बाजूला बसून कपाळावर हात मारत होती. सोजरबाईही मोकळ्या बोलल्या. पाऊस बरा आहे, गुडघे काही बरे नाहीत, आणि घरात सुतक आहे. भावकीतले नव्वदीचे बुवा गेले. चांगलं पिकलं पान होतं, रडायला कोणी नव्हतं, पण सुतक ते सुतक.

कस्तुराबाई सावरून बसली.

"म्हंजे देव बंद हायेत तुमच्याघरचे?"

"व्हय, धा दिस झालं. देवघराला कडी हाय. उद्या उघडायचं."

"बाई, बंद व्हायच्या आंधी देवापाशी काई नवं ठेवलं काय तुमी?"

मग सोजरबाईंचा आवाज एकदम उजळला. "ठिवलंय की. माहूरगडावरनं देवीची ओटी आलीया. आखाडात पैसं धाडलं हुतं म्या. पोस्टमनला इचारलं कुठनं आलंया, तर म्हणला वाशीम. म्हणलं वाशीम काय नि माहूर काय, तिकडलंच. वर स्वस्तिक, हळदीची बोटं. हलवलं तर आत सुपारी वाजती. देवाम्होरं ठिवलं, अन् दुसऱ्या दिशी बुवा गेलं. सुतकात ओटीला हात कसा लावायचा?"

"ओटी जड हाय काय हो?" कस्तुराबाईनं विचारलं. तिचा आवाज आता हसण्यानं थरथरत होता.

"जड? अवं बाई, दोन्ही हातानं उचालली. म्हणलं, देवी लईच परसन्न झाली."

मग मात्र कस्तुराबाईला राहवेना. हसत हसत तिनं सगळं सांगितलं, झूल, मोरपंखी, ओटी भरायची आपली रीत, सुनेचा राग. पलीकडं सोजरबाई आधी "आगं बया" म्हणाल्या, आणि मग त्याही हसायला लागल्या. मुलानं त्यांना दोनदा विचारलं होतं, पार्सल आलं का. त्यांनी दोन्ही वेळा नाही म्हणून सांगितलं होतं. पार्सल कुठं आलं होतं? आली होती ती देवीची ओटी. दोघी म्हाताऱ्या फोनवर इतक्या हसल्या की ओसरीत झोपलेला जगदेव उठून आला, आणि कोणी काही सांगेना म्हणून तोही उगीच हसत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सुतक फिटलं, घर सारवलं, देवघर उघडलं. दौलतरावांचा फोन आला तो ओशाळलेला. त्यांनी तक्रार मागं घेतली होती. माझीच चूक, आईला नीट विचारायला हवं होतं, असं ते तीनतीनदा म्हणाले. योगिनीनं मोठ्या मनानं त्यांना माफ केलं. आपण त्यांच्याबद्दल काय लिहायला बसलो होतो ते मात्र तिनं कोणालाच सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी सासूसुनेचा तह झाला. ओटी आत राहील, जेवढी हवी तेवढी. खोक्यावर मात्र हळदीचं एक बोट नाही. तिथं योगिनी मोठ्या अक्षरात लिहील, आत बैलाची झूल आहे. काट्यावरचा फोटो ती पूर्वीसारखाच काढील. आणि माल पोचल्याचं दिसलं की त्याच दिवशी घेणाऱ्याच्या घरी फोन जाईल, भर दुपारी. तो फोन कस्तुराबाईनं करायचा. गुडघ्यांची चौकशी सुनेला तितकी जमत नाही, हे सुनेनं स्वतःच कबूल केलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईल वाजला. फोटो होता. दोन उंच खिलार बैल, शिंगं रंगवलेली, एकाच्या पाठीवर मोरपंखी झूल, आरशांवर ऊन. बैलाशेजारी पांढऱ्या केसांच्या एक बाई, डोक्यावर पदर, एक हात झुलीवर ठेवलेला. त्यांच्या कपाळावरचं कुंकू एवढं मोठं की कस्तुराबाईला वाटलं, हे आपल्याच खोक्यावरचं.

फोटोखाली दौलतरावांनी आईचा निरोप लिहिला होता. दुसऱ्या बैलालाही एक झूल पाहिजे, तो रुसलाय. आणि माहूरची खरी ओटी अजून आली नाही, तेव्हा तोवर तुमचीच ज्वारी देवापुढं ठेवली आहे.

योगिनीनं ते दोनदा वाचून दाखवलं. कस्तुराबाईनं तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग चष्मा पदरानं पुसला, कोणत्या रंगाची मखमल घ्यायची ते मनाशी धरलं, आणि घमेलं उचलून मळ्याकडे निघाली. रात्री पाऊस झाला होता. भेंडी तोडायला आली होती.