डाव्या पायाचं शिक्षण

आमच्या आचोळ्याच्या संघाने त्या हिवाळ्यात एकही सामना जिंकला नाही, आणि त्याचं सगळ्यात जास्त समाधान आमच्या मास्तरांना होतं. स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. भात झोडून झालं की आम्ही विशी-बाविशीतले गडी रिकाम्या शेतात फुटबॉल खेळायचो, आणि शाळेचे मास्तर आम्हाला शिकवायचे. "जिंकणं कुणालाही जमतं," ते म्हणायचे. "आपल्याला खेळाडू घडवायचेत." कुणालाही जमतं ते आम्हालाच का जमत नाही, हे विचारायची सोय नव्हती.

माझ्यात त्यांना एकच खोट सापडली होती, माझा डावा पाय. तो नुसता उभं राहण्यापुरता आहे, असं त्यांचं मत. त्यांनी महिनाभर माझ्या उजव्या पायाला रजा दिली. चेंडू डाव्याने मारायचा, एवढ्यावर भागेना. अंथरुणातून उठताना डावा, बांध ओलांडताना डावा, वहाणसुद्धा आधी डावी. पाय विचारून पुढे आला तर कच्चा, न विचारता आला तर तयार, ही त्यांची व्याख्या. मी पडलो आज्ञाधारक. आई म्हणायची, मास्तरांनी विहिरीत उतरायला सांगितलं तर हा फक्त कुठला पाय आधी एवढंच विचारेल.

त्याच महिन्यात आम्ही गोखिवऱ्याला माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो. वडील उंबरठा ओलांडून आत गेले, त्यांच्यामागे मी. पोहे झाले. पाण्याचा तांब्या देताना तिने माझ्याकडे सरळ पाहिलं, आणि मला ती फार आवडली. लग्न करीन तर हिच्याशीच, असं परतताना मी ठरवूनही टाकलं. दोन दिवसांनी निरोप आला. नवरा मुलगा डाव्या पायाने घरात शिरला, असला अपशकुन आम्हाला नको. मुलीच्या आत्याने ते पाहिलं होतं.

वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी मास्तरांकडे गेलो. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "मुद्दाम टाकलास, की आपोआप पडला?"

"आपोआप."

त्यांचा चेहरा उजळला. मग माझं तोंड पाहून त्यांनी आनंद आवरता घेतला. दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन गोखिवऱ्याला गेले आणि अंगणात उभं राहून आत्याला त्यांनी फुटबॉल समजावून सांगितला. मुलगा अपशकुनी नाही, अर्धवट शिकलेला आहे, असं त्यांचं म्हणणं.

आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. "मंग त्याला आता परत घरात यायला सांगा," ती म्हणाली. "उजवा टाकला तर मीच भावाला सांगीन, पोर देऊन टाक. पन मी हितं बघत बसनार."

घरचे सगळे ओटीवर जमले. मुलगी आतल्या दाराशी उभी होती. मी उंबरठ्यासमोर थांबलो, उजव्या पायाला मनातल्या मनात दोनदा बजावलं, आणि तिच्याकडे पाहिलं. पाहता पाहता पाऊल पडलं. डावं.

मागून फक्त मास्तरांचा आवाज आला, त्यांच्याही नकळत, "शाबास."

मला रडू फुटलं. पण त्या शाबासकीने क्षणभर मला बरंही वाटलं होतं, आणि त्याची लाज अजून जात नाही.