योगिनीबाई आणि दहा कोटींची एक ओळ

तारनाक्याच्या गल्लीत बातमी फिरली, की योगिनीबाईंनी भामाकाकूंची दहा कोटी रामनामं कॉम्प्युटरात बुडवली. साफ खोटं! बुडाली नव्हती, उणे झाली होती; आणि तीही बाईंच्या हातून नव्हे.

योगिनीबाई गणिताच्या निवृत्त मास्तरीण. जगभर फुकट वाटल्या जाणाऱ्या, मजकूर मोजणाऱ्या-कापणाऱ्या प्रोग्रॅममधल्या चुका त्या घरबसल्या दुरुस्त करतात, त्याही फुकट. ओळीची लांबी मोजणाऱ्या एका प्रोग्रॅमनं त्यांना वर्षभर छळलं होतं. त्यातला आकडा ठेवायचा डबा दोनशे चौदा कोटींतच भरायचा, आणि त्यापुढं गेलं की आकडा उलटून उणे व्हायचा. बाईंनी मोठा डबा बसवून पाठवला. प्रोग्रॅम सांभाळणाऱ्या परदेशी मंडळींनी तो परत धाडला: ‘एवढी लांब ओळ लिहितं कोण?’ बाईंचं जेवणावरून मन उडालं.

लिहिणारी भिंतीपलीकडेच होती. भामाकाकूंच्या तेलुगू मैत्रिणी वहीत रामकोटी लिहितात, कोटी वेळा रामनाम. काकूंनी दहा कोटींचा संकल्प सोडला, तोही कॉम्प्युटरवर. हजार ‘श्रीराम’ हातानं, पुढं सगळं कॉपी-पेस्ट. आणि नामात खंड नको म्हणून एंटरच्या बटणाला बोटसुद्धा लावलं नाही!

रामनवमीच्या आठवडाभर आधी काकू पेनड्राइव्ह घेऊन हजर. “मोज गं.”

बाईंनी जुनाच प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं: उणे दोनशे नऊ कोटी आणि वर काहीतरी.

“उणे?” काकू पडद्याजवळ सरकल्या. “कॉपी-पेस्ट केलेलं कळलं गं रामाला!”

“रामाला काही कळलं नाही हो, आकड्याचा डबा भरला! एका श्रीरामाचे मधल्या जागेसकट कॉम्प्युटरच्या मापात बावीस बाइट. दहा कोटींचे दोनशे वीस कोटी. आता माझा प्रोग्रॅम बघा.”

पडद्यावर नेमके दोनशे वीस कोटी उमटले. काकूंचा जीव भांड्यात पडला. बाईंचा अजून टांगलेलाच.

“काकू, ही ओळ त्या परदेशी लोकांना पाठवू?”

“पाठव की. तेवढंच त्यांच्या घरात नाम जाईल.”

चौथ्या दिवशी निरोप आला: दुरुस्ती मंजूर. गल्लीभर पेढे वाटताना फाटकाशी समोरच्या घरातल्या हिम्मतरावांनी गाठलंच. “हौ बाई, पेढा झकास. पण छोटा डबा काढून मोठा ठेवला, एवढंच ना? त्याला वर्ष लागलं?”

“दुरुस्तीला दहा मिनिटं लागली, हिम्मतराव. अशी ओळ लिहिणारी बाई जगात आहे, हे पटवण्यात वर्ष गेलं.”