करिष्माचं दार

आमच्या घराण्यात करिष्माला एकटं राहायला शिकवायचं ठरलं, आणि पहिल्याच दिवशी तिच्यासोबत टेम्पो भरून माणसं राहायला गेली. मी स्वतः त्या टेम्पोत गाद्यांवर बसले होते, त्यामुळे कोणी मला खोटं पाडायला येऊ नये.

करिष्मा माझ्या भावाची मुलगी. वय चोवीस, डाऊन सिंड्रोम आहे. बोलणं सावकाश, चालणं सावकाश, राग मात्र थेट आमच्या घराण्याचा. काल्हेरला एका गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवायचं काम करते, आणि एखादं लेबल वाकडं लागलं तर सुपरवायझरला दिवसभर चैन पडू देत नाही. तिचा बाप माझा धाकटा भाऊ. गावात लहानथोर सगळे त्याला 'भाऊ'च म्हणतात. शेतात गोदामं उभी राहिली तेव्हापासून भाऊला एकच काम उरलंय, सगळ्यांची काळजी करायचं. ते तो फार मन लावून करतो.

तर ही पोरगी एक दिवस जेवताजेवता म्हणाली, "मला माझी खोली पायजे. टेमघरच्या बिल्डिंगीतली." बिल्डिंग आमचीच, खोली रिकामीच. तरी तिची आई चंद्रा रडायला लागली, पोरगी जशी काय दुबईला निघाली होती. भावेश, तिचा मोठा भाऊ, म्हणाला, "अगं, तिथं एसी न्हाय!" केवढी दूरदृष्टी. शेवटी माधवी मॅडम मध्ये पडल्या. करिष्मासारख्या मुलामुलींना आपलं आपण राहायला शिकवतात त्या. भाऊने होकार दिला, पण अट घालून, "एक गडबड झाली का परत घरी. मग पुन्हा खोलीचं नाव न्हाय काढायचं."

मॅडमची शिकवायची तऱ्हाच निराळी. करिष्मा गॅसपुढे उभी आणि ह्या बाई तिच्या मागे, दोन्ही हात पाठीशी धरून. पीठ सांडलं, हात पाठीशी. भाकरी तव्यात फाटली, हात पाठीशी. चंद्रा माझ्या कानात म्हणाली, "वन्सं, हिला पगार कशाचा मिळतो?"

"हात न लावायचा," मी म्हटलं. आमच्यातल्या एकालाही तेवढं जमत नव्हतं.

टेम्पोतली माणसं आपापल्या घरी परतली, आणि मग आमचा पाठिंबा सुरू झाला. सकाळी चंद्राचा डबा, दुपारी तिच्या काकूचा, संध्याकाळी भावेश सहज म्हणून येणार आणि फ्रिज तपासून जाणार. स्वतः बनवलेली भाकरी खायला पोरीचं पोट कोणी रिकामं ठेवलं तर ना! मॅडमनी तिला शिकवलं, दाराला आतून कडी लावायची, कोणी आलं की आधी कोण ते विचारायचं, हातातलं काम पुरं करायचं, मग उघडायचं.

इथंच घात झाला. आमच्या गावात दिवसा दार लावतच नाहीत. आलेला माणूस चुलीपर्यंत पोचतो आणि मग 'कोन हाय का घरात' विचारतो. भरदिवसा दार बंद म्हणजे घरात मयत तरी झालंय, नाहीतर भाऊबंदांचं भांडण तरी लागलंय. तिसरं कारण आमच्या टाळक्यात शिरत नाही.

एका रविवारी चंद्रा ताजे बोंबील घेऊन टेमघरला गेली. दार आतून बंद. एक हाक मारली, उत्तर नाही. दुसरी हाक मारायच्या ऐवजी तिने सरळ फोन लावून आकांत केला. थोड्या वेळात सगळं खानदान जिन्यात हजर, त्यात मीही. सगळे एकदम ओरडत होते, "करिष्मा, काय तरी बोल!" त्या गोंगाटात ती बोलली तरी ऐकणार कोण, कपाळ! भावेशने खांदा मारला, भाऊने लाथ घातली, आणि दार कडीसकट आत पडलं.

आत करिष्मा. अंगात गाऊन, डोक्यावर शाम्पूचा फेस, डोळे लाल.

"थांबा बोल्ले ना मी!" ती किंचाळली. "डोकं धुतेय! किती वेला बोल्ले, थांबा!"

पोरगी जिवंत आहे म्हटल्यावर सगळ्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं. पण भाऊ कसला ओशाळतो? घाम पुसत त्याने निकाल दिला, "बघितलंस? झाली ना गडबड! चल घरी. बिनदाराच्या खोलीत पोरीला कोन ठेवल?"

माझं डोकंच फिरलं. "वा रे शहाण्या! दार तू तोडायचं आणि खोली तिने सोडायची?" पण माझं ऐकतो कोण. भावेश तिची बॅगसुद्धा भरायला लागला होता.

करिष्मा ओल्या केसांनीच गेली आणि दार होतं तिथे उंबऱ्यावर फतकल मारून बसली. बॅग घेऊन बाहेर पडायला भावेशला वाटच उरली नाही. तिला ओढायची हिंमत एकाचीही झाली नाही, फेसाचे थेंब गालांवरून गळत होते आणि तिने दोन्ही हातांनी चौकट धरली होती.

कोणीतरी मॅडमना बोलावलं. भाऊ म्हणाला, "मॅडम, तुम्ही समजवा हिला."

मॅडमचे हात पाठीशी गेले. "तिला विचारलंत का तुम्ही?"

भाऊ गडबडला. एवढ्या वर्षांत त्याने पोरीला न मागता सगळं आणून दिलं होतं, विचारलं मात्र काहीच नव्हतं. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "करिष्मा, घरी येतेस?"

"मी घरीच हाय," ती म्हणाली. "दार तू तोडलंस. तू लाव."

मला रडू आलं, आणि मी काही ऊठसूट रडणारी बाई नव्हे. भाऊ उठला. त्याने मग भावेशच्या हातातली बॅग काढून आत ठेवली आणि सुताराला फोन लावला. नवीन दार बसेपर्यंत करिष्मा तिथून हलली नाही. बेल तिनेच पसंत केली.

पुढच्या रविवारी मी जिना चढून वर गेले तर बंद दारापुढे भाऊ उभा. बेल वाजवून झाली होती.

आतून आवाज आला, "कोन हाय?"

"मी हाय. बाबा."

"थांब. भाकरी तव्यावर हाय."

आता सख्खा बाप आणि सख्खी आत्या बाहेर ताटकळत उभे राहणार? मी दार ठोकायला हात उचलला, तर भाऊ माझ्यावरच डाफरला, "तायडे, गप उभी ऱ्हा ना जरा! ऐकलं न्हाय का, थांब म्हणाली ती?"

त्याने बोंबलांची पिशवी दोन्ही हातांनी पाठीशी घट्ट धरली होती, आणि तिचं पाणी त्याच्या चपलेवर गळत होतं.