टाकीचे झाकण

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी माझी बदली कल्याणच्या लष्करी छावणीतील वर्कशॉपमध्ये झाली. छावणीचा मोठा भाग तेव्हा निर्वासितांना दिलेला होता. उरलेल्या कोपऱ्यात तीन शेड, एक पेट्रोल पंप आणि बारा मोटारसायकली होत्या. मोटारसायकली ब्रिटिश बनावटीच्या, महायुद्धात वापरलेल्या. माझे घर डोंबिवलीत होते आणि मी मॅट्रिक झालेला होतो, म्हणून सर्वजण मला ‘मास्तर’ म्हणत. माझा ट्रेड फिटरचा होता. चारचौघांत बोलणे मला तेव्हा जमत नसे, आणि हे लिहितानाही पुष्कळसा संकोच वाटतो आहे.

दिनक्रम ठरलेला असे. पावणेसहाला पी.टी., सव्वासातला फॉल-इन, साडेसातला शेड. साडेदहा वाजता डिस्पॅच रायडर, म्हणजे डी.आर., टपालाची थैली घेऊन शीळ, मुंब्रामार्गे ठाण्याला जात. त्यांच्यापैकी लान्स नाईक बाळाराम म्हात्रे हा दिवा स्टेशनाजवळच्या खाडीकाठच्या गावचा. त्याचे घर पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबणारे. सात नंबरची गाडी त्याच्याकडे होती.

एका सोमवारी तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, “मास्तर, माजी गाडी चढनीव मरते. मुंब्र्याला. पाच मिंटा उभी केली का परत चालू.”

“पेट्रोल?”

“टाकी भरलेली. मी काय येडा हाय?”

त्याने ही तक्रार डिफेक्ट बुकात लिहिली. त्या आठवड्यात आणखी दोनदा लिहिली. शेडचे प्रमुख हवालदार जगदाळे यांनी तिन्ही वेळा गाडी छावणीतल्या सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या फिरवली आणि शेरा दिला : ‘तपासली. ठीक.’

मी कार्बुरेटर उघडावा असे सुचवले, तेव्हा ते म्हणाले, “ए मास्तर, पुस्तक मिट. मशीन पुस्तक वाचत न्हाय. म्हात्रेला रस्त्यात च्या प्यायची आसती, म्हनून गाडी मरती.”

शेडमधले सर्वजण हसले. मीही थोडा हसलो.

पुढच्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मुंब्र्याच्या डोंगराकडेच्या चढणीवर सात नंबर बंद पडली. मागून खडीच्या लॉऱ्यांचा ताफा येत होता. पहिल्या लॉरीला वेग आवरता आला नाही. ठाण्याच्या चौकीवरून टेलिफोन आला, तो मीच घेतला. “तुमचा डी.आर. गेला. थैली सुरक्षित आहे,” एवढेच सांगितले गेले.

शनिवारी आमच्या मेजरसाहेबांच्या अध्यक्षतेखाली अपघाताची कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. गाडीचे पुढचे चाक आणि फोर्क वाकले होते. टाकी शाबूत होती, तिच्यात पेट्रोल होते आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक ‘राखीव’वर फिरवलेला होता. जगदाळे यांनी साक्ष दिली, “गाडी ठीक होती, साब. रायडर झोपला आसंल.” डिफेक्ट बुक कोणी मागितले नाही. मेजरसाहेबांनी मला विचारले, “एनी थिंग टु ॲड?”

“नो, सर,” मी म्हणालो.

निकाल लिहिला गेला : चालकाचा हलगर्जीपणा.

त्या दिवसापासून मला जगदाळे यांचा नाश करावयाचा होता. याहून सौम्य शब्द मी पुष्कळ शोधला. माझ्या गप्प बसण्याचा राग मी त्यांच्यावर काढला असे कोणी म्हणेल. खुशाल म्हणावे.

फोर्क बदलून सात नंबर माझ्याकडे चाचणीस आली. मी क्रमाने सुरुवात केली. नियमाप्रमाणे पहिले काम झाकण उघडून पेट्रोल पाहण्याचे, कारण या गाड्यांना काटा नसे. नंतर प्लग, ठिणगी निळी होती. मग कार्बुरेटरचा जेट काढून फुंकला, फ्लोट हलवून पाहिला, नीडल व्हॉल्व्ह घासला, कॉकची जाळी धुतली, पेट्रोलची नळी उन्हात धरून आरपार पाहिली. कचरा नाही, पाणी नाही. गाडी छावणीत उत्तम चालली. हे सर्व मी तीनदा केले. जगदाळे येता-जाता विचारीत, “काय मास्तर, भूत घावलं का?”

चौथ्या दिवशी परवानगी काढून मी ती मुंब्र्याला नेली. चढणीवर थ्रॉटल उघडताच तिने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मी ती कडेला घेतली. सवयीने माझा हात पहिल्या कामाकडे गेला. झाकण फिरवताच टाकीने आत हवा ओढल्याचा आवाज आला. लांब, स्पष्ट फुसकारा. किक मारली. गाडी चालू झाली.

झाकणाच्या माथ्यावर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असते. पेट्रोल खाली उतरते तशी त्याची जागा घ्यायला हवा तिथून आत जाते. हवा गेली नाही तर पेट्रोल उतरत नाही. सपाट रस्त्यावर झिरपेल तेवढे पुरते. चढणीवर पुरत नाही. आमच्या झाकणांवरचे छिद्र हिरव्या रंगाखाली बुजले होते; सात नंबरचे पुरते, बाकीच्यांचे अर्धवट. महिन्यापूर्वी जनरलसाहेबांचे इन्स्पेक्शन झाले होते. त्याआधी जे हलत नाही त्या सर्वाला रंग द्यायचा, हा आमचा रिवाज. जगदाळे यांच्या हुकुमाने झाकणांना दोन-दोन हात बसले. आणि शेडमध्ये आम्ही तपासणीचा आरंभच झाकण उघडून करत असल्यामुळे दोष दर वेळी आम्हीच घालवत होतो.

ब्रश त्या दिवशी माझ्याही हातात होता. कोणते झाकण कोणी रंगवले, हे मला सांगता येणार नाही. मेजरसाहेबांना मी ते सांगितले नाही.

त्याच संध्याकाळी उरलेल्या अकरा झाकणांची छिद्रे मी टाचणीने मोकळी केली. सात नंबरचे तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी मेजरसाहेबांपुढे डिफेक्ट बुक ठेवले आणि विनंती केली : टाकी भरून झाकणाच्या कडेला लाखेचे सील लावावे, हवालदारसाहेबांनी स्वतः गाडी मुंब्र्यापर्यंत न्यावी, आपण जीपमधून मागे यावे. वेळ मी अकराची सुचवली. अकराला खडीच्या लॉऱ्या येतात हे मला ठाऊक होते. मेजरसाहेबांनी बुकातल्या तिन्ही नोंदी वाचल्या, बुक मिटले आणि म्हणाले, “सेव्हन थर्टी.”

चढणीवर, बाळारामच्याच वळणाच्या अलीकडे, गाडीने आचके दिले. मी जीपमध्ये होतो. जगदाळे खाली वाकले, त्यांनी कॉक राखीववर फिरवला. मृत्यूपूर्वी बाळारामने केले होते तेच; झोपलेला माणूस कॉक फिरवत नाही. तेवढ्यात मागून एका चुकार लॉरीचा भोंगा वाजला. लॉरी आणि त्यांच्या मधोमध आमची जीप असतानाही जगदाळे यांनी गाडी टाकली आणि गटारात उडी मारली. टोपी रस्त्यावर राहिली.

मी सील तोडले. फुसकारा मेजरसाहेबांनी ऐकला. किकला गाडी चालू झाली.

“जगदाळे, झोपला होता का?” मेजरसाहेबांनी विचारले.

जगदाळे टोपी उचलायला वाकले. मला इतका आनंद त्यापूर्वी कधी झाला नव्हता. आजही त्याबद्दल खेद वाटत नाही.

निकाल दुरुस्त झाला. जगदाळे यांची एक पट्टी उतरली, ते हवालदाराचे नाईक झाले आणि त्यांची बदली झाली. जाताना ते म्हणाले, “मास्तर, समाधान झालं?”

“झालं, हवालदारसाहेब,” मी म्हणालो. ती पट्टी नसली तरी सवयीने ‘हवालदारसाहेब’ तोंडी आले.

दुरुस्त निकालाची नक्कल घेऊन मी बाळारामच्या गावी गेलो. त्याच्या आईला मी ती मराठीत वाचून दाखवली : चालकाचा कोणताही दोष नाही.

“परत वाच.”

मी परत वाचले.

“म्हंजे माजा बाला निजला नव्हता. गावान सगली बोलतात, निजला नं मेला.” ती उठली. “चल मिठागराव. सगली तिथं हाईत. तिथं वाच.”

मिठागराच्या बांधावर चाळीसेक माणसे फावडी टेकून उभी राहिली. मी कागद वाचला, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

“आनि ज्यानी खोटा सांगितला,” ती म्हणाली, “त्याचा पन नाव सांग.”

मी तेही सांगितले. तिच्या सांगण्यावरून दोनदा. मग तिने विचारले, “आनि माज्या पोराचा?”

“लान्स नाईक बाळाराम म्हात्रे,” मी म्हणालो. “शेवटपर्यंत जागा होता.”