हात वाळेपर्यंत

शैलजा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडून बसले होते. तिचा नवरा माधव पलीकडून "सकाळी गेली गं..." एवढंच म्हणाला. आजारपण वर्षभराचं होतं, काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं, तरी मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" मग डब्याला झाकण लावलं आणि घरी निघून आले. त्याला आता पाच आठवडे झाले.

आम्ही दोघी नागपुरात एका गल्लीत वाढलो आणि योगायोगाने इथे लंडनच्या स्टॅनमोर भागातही दोन रस्त्यांच्या अंतरावर राहायला आलो. मी कौन्सिलच्या ऑफिसात, ती लहान मुलांची मानसोपचारतज्ज्ञ. जी मुलं खाणं सोडतात, लपवतात, खाण्याला घाबरतात, त्यांना तपासायचं हे तिचं काम. आमच्याकडे जेवायला आली की तिची एक सवय मला फार खटकायची. ती कुणालाही "आणखी घे" म्हणायची नाही, आणि मी म्हटलं तर माझ्याकडे डोळे वटारून बघायची. शिवाय शेवटचं ताट रिकामं होईपर्यंत उष्ट्या हाताने तशीच बसून राहायची. हात पार वाळून जायचा, पण हिच्या आपल्या शेजाऱ्यांच्या मांजराच्या गोष्टी चालूच. "डॉक्टरीणबाई, हात धुवा आता, बोटांवर भात उगवेल," असं मी चिडवायचे. ती नुसती हसायची.

नव्या शतकाची पहिली वर्षं होती. माझी अनू तेरा वर्षांची झाली आणि अचानक देवाधर्माचं करू लागली. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग संकष्टी. इथे जन्मलेली पोर उपवास करते म्हणून मी हुरळून गेले. मंडळातल्या बायकांना सांगितलं, नागपूरला आईला फोन करून सांगितलं. संकष्टीला तर ती चंद्र बघितल्याशिवाय जेवायची नाही, आणि लंडनच्या आभाळात चंद्र दिसायची मारामार! "आई, मून दिसला नाही ना... मग मी कसं जेवणार?" असं म्हणून ती खोलीत जायची, आणि मला तिचं कौतुक वाटायचं.

अशाच एका संकष्टीला शैलजा आमच्याकडे होती. ती माझ्यामागून स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "तिला उपवास सोडताना तू कधी पाहिलंयस?"

मी आठवू लागले... आठवेना. "सोडते की. ताट घेऊन जाते वर."

"अगं, पंचांगात वेळ बघून सोडतात. या देशात चंद्राची वाट कोण बघत बसतं? तिचं लाल पुस्तक आण."

मूल जन्मलं की इथे एक लाल वही मिळते, त्यात त्याचं वजन-उंची लिहून ठेवतात. शाळेतल्या नर्सने मोजलेले आकडेही मी हौसेने त्यात उतरवत असे. मी वही पुढे टाकून म्हटलं, "बघ, वजन एवढंसंसुद्धा उतरलेलं नाही." तिने उंचीवर बोट ठेवलं. "तीन इंच वाढलीय आणि वजन होतं तेवढंच? वाढत्या मुलीचं वजन वाढलं नाही, म्हणजे ते घटलंच." माझं डोकं फिरलं. "माझी पोरगी देवाचं करते आणि तुला त्यातही रोगच दिसतो!" ती वही मिटून घरी गेली. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. त्या महिन्याची मला आजही लाज वाटते.

मग एकदा अनूच्या पलंगाखाली झाडताना बुटांचा खोका सापडला. आत टिश्यूत गुंडाळलेली साबुदाण्याची खिचडी होती, कितीतरी सोमवारांची, दगडासारखी झालेली. मी चपला घालून थेट शैलजाचं दार वाजवलं. तिने मला एका शब्दानेही टोकलं नाही, फक्त कोट अंगात घातला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी या आजाराच्या लक्षणांची यादी काढली. वजन पुरेसं कमी नाही. पाळी थांबल्याची खूण लागू नाही, कारण अनूची पाळी सुरूच झाली नव्हती. शेवटी त्यांनी तिला 'इतर' या खणात टाकलं, आणि 'इतर' म्हणजे रांगेत सगळ्यात मागे. शैलजाला तिच्यावर उपचार करता येणार नव्हते. "मी मावशी आहे, डॉक्टर दुसरी हवी," असं तिने मला आधीच बजावलं होतं. पण ती लाल वही उघडून त्यांच्याशी इंग्रजीत भांडली. या खुणा मोठ्या बायकांना बघून ठरवल्यात, ही वाढती पोर आहे, ती यादीत बसत नसेल तर चूक यादीत शोधा, असं तिने ठणकावलं. त्याच आठवड्यात अनूला क्लिनिकची वेळ मिळाली. मी एकटी गेले असते तर मान डोलावून परत आले असते.

पुढची दोन वर्षं शैलजा दर रविवारी दुपारी आमच्या टेबलाशी बसली. एका पोळीला अनूला कधी कधी दीड तास लागायचा. एकदा अनूच रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, तुझी हात ड्राय झाली. वॉश कर ना."

"तू खा सावकाश. मला कुठे ट्रेन पकडायचीय?"

त्या बसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला. त्या महिन्याबद्दल तिची माफी मागायची मात्र राहून गेली. शेवटी शेवटी हॉस्पिटलात दोनदा विषय काढला, तर तिने मांजराचं काढलं...

फोन आला त्या संध्याकाळी अनू ब्रिस्टलहून आली. ती आता तिथे इंजिनीअरिंग शिकते. तिने वरणभात केला, दोन ताटं वाढली. माझ्या घशाखाली काही उतरेना. आता ही "आई, थोडं तरी खा ना" म्हणेल असं वाटत होतं. पण ती स्वतःचं जेवली आणि बसून राहिली, घरात सोबत राहणाऱ्या मैत्रिणीच्या मोडक्या सायकलबद्दल काहीबाही सांगत. बऱ्याच वेळाने माझं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं. भात वाळून पांढरा झाला होता.

"हात धू गं," मी म्हटलं.

"तू खा सावकाश," अनू म्हणाली. "मला कुठे ट्रेन पकडायचंय?"

मी वरणभात कालवला आणि पहिला घास घेतला.